अठराशेचा बाजार

थोरली भांडखोर नाही, असं तिचा नवरा म्हणायचा. पण तो सकाळी सातला कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. मधल्या बारा तासांबद्दल गल्लीतल्या गिऱ्हाइकांना विचारायला हवं होतं. ती शिवणकाम करायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश उसवून मोठे करणं, असली कामं. कुणी म्हणालं, "थोडं सैल करा," तर ती टाचण्या तोंडात धरूनच विचारायची, "थोडं म्हणजे किती? बोट ठेवून दाखवा." माणसाची पाठ बघून ती कंबरेचं माप सांगायची आणि ते अर्ध्या इंचानेही चुकत नसे. चुकलंच, तर ते माणूस जेवून आला होता म्हणून.

तिचं मशीन स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या बोळकांडीत होतं. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. गिऱ्हाईक यायचं तर पुढच्या खोलीतून, म्हणजे सासूबाईंच्या खुर्चीसमोरून. सासूबाई प्रत्येकाला कोण, कुठला, कशासाठी ते विचारत, आणि एकाला तर त्यांनी पँट एवढी का फाटली तेही विचारलं होतं. तो परत आला नाही. म्हणून थोरलीला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाशेजारचा, जिन्याखालचा गाळा हवा होता. दुकानाचा मालक तीस हजार अनामत मागत होता आणि वर्षअखेरपर्यंत थांबायला तयार होता. नऊ वर्षांच्या शिलाईतून थोरलीकडे चोवीस हजार जमले होते. सहा राहिले होते, आणि आठ महिने हातात होते.

असं सगळं बेताने चाललं असताना धाकट्या दिराचं लग्न झालं.

धाकटी एका कचेरीत हिशेबाचं काम करायची. गोड बोलायची, आणि थोरलीचा तिच्यावर पहिला राग होता तो याच गोष्टीचा. तिसऱ्या महिन्यात जेवताना तिने खिळ्याला अडकवलेलं आठवड्याच्या बाजाराचं बिल काढलं, वाचलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, आपल्याला एवढा चहा लागतो का?"

एकोणीस वर्षं दर रविवारचा बाजार थोरलीचा होता. सासूबाई शनिवारी तांबड्या पाकिटात तीन हजार घालून देत आणि ती पिशव्या घेऊन निघे. कुठल्या डब्यात किती मावतं, कुठला डबा कुठल्या वारी तळ दाखवतो, हे त्या घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षांत तिला चहाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"तू करून दाखव," ती म्हणाली. रागात म्हणाली आणि तिथेच फसली. सासूबाईंनी लगेच निकाल दिला: एक रविवार हिचा, एक तिचा.

धाकटीने पहिल्याच खेपेला पंचवीसशे पन्नासमध्ये बाजार आणला. सासूबाईंनी दोन्ही बिलं ताटांच्या मध्ये शेजारी शेजारी ठेवली आणि उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी ठेवली. थोरलीच्या नवऱ्याने ती वाकून बघितली आणि म्हणाला, "बघ, शिकलेली माणसं कशी करतात." बायकोने केलेलं जेवण जेवता जेवता म्हणाला. बोलून तो पाणी प्यायला आणि विसरून गेला.

थोरली विसरली नाही. ती इरेला पेटली. पुढच्या रविवारी ती पाऊण तास चालत घाऊक मंडईत गेली, बाजार उठायच्या वेळेला भाजी उचलली, सुटा चहा घेतला, मऊ पडलेले टोमॅटो निम्म्या भावात घेतले, आणि चोवीसशेत परत आली. धाकटी तेवीसशेत आली. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण काटकसरीलाही तळ असतो. सहा माणसांची सहा पोटं असतात, आणि त्यातलं एक थोरलीच्या पंधरा वर्षांच्या मुलीचं होतं, जी दोन माणसांचं जेवायची. आणखी कमी करायचं तर कुणाच्या तरी ताटातून काढायला लागणार होतं.

थोरलीने ते आपल्या पदरातून काढलं. तिच्या पुढच्या रविवारी तिने तेल आणि साखर शिलाईच्या पैशांतून घेतली, दुसऱ्या दुकानातून, बिल न घेता. कापडाच्या गठ्ठ्याखाली घालून घरात आणली आणि डब्यांत ओतून टाकली. खिळ्याला लागलेलं बिल एकवीसशे पन्नासचं होतं आणि डबे मात्र काठोकाठ होते. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, कमाल आहे हो तुझी." लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर सासूबाईंनी तिला असं काही म्हटलं नव्हतं. तिला ते इतकं गोड लागलं की पदरचे तीनशे गेले याचं काही वाटलंच नाही.

पुढे वाटायला लागलं. कारण सासूबाई साध्या नव्हत्या. ज्या आठवड्यात सगळ्यात कमी बिल येई, तेवढेच पैसे त्या पुढच्या पाकिटात घालत. उरलेले कपाटात जात. "घराचेच आहेत," त्या म्हणत, आणि पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकवीसशे पन्नास झाले, धाकटीने दोन हजार केले, थोरलीने एकोणीसशे, धाकटीने अठराशे. दर खेपेला थोरली ठरवायची की आता बस्स. मग धाकटी बिल खिळ्याला लावून कपडे बदलायला आत जायची, तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही, आणि थोरलीच्या अंगाची आग व्हायची. चार-पाच महिन्यांत चोवीस हजारांचे एकोणीस झाले होते. अनामत भरायची सोडून ती साखर भरत होती.

"बाई, काय करताय?" औषधवाल्याने तिला रस्त्यातच विचारलं. "मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण मागे लागलाय. तुम्हाला महिनाभर थांबतो. त्यापुढे नाही."

त्याच आठवड्यात, धाकटीच्या रविवारी, थोरली तांदूळ घ्यायला डब्याकडे गेली. एरवी धाकटीच्या आठवड्यात ती डब्यांकडे बघत नसे. ते भरलेले बघणं तिला सोसत नसे. काही काढायचं असलं तर मुलीला सांगायची. त्या दिवशी मुलगी घरात नव्हती. थोरलीने झाकण उघडलं. तांदूळ गळ्यापर्यंत होता. शनिवारी तिने स्वतः तो डबा खरवडून काढला होता, तळाला एक दाणा ठेवला नव्हता. डबा पाच किलोचा. खिळ्यावरच्या बिलात तांदूळ दोन किलो.

झाकण तिने तसंच खाली ठेवलं. मग तिने साखरेचा डबा उघडला, तेलाचा उघडला, डाळीचा उघडला. जिला पाठीवरून कंबर कळते तिला डब्यावरून बिल कळायला किती वेळ लागणार? आधी तिला हसू आलं. मग मात्र संताप आला. चार महिने ती स्वतःला अडाणी समजत होती. समोरचीकडे असं काय डोकं आहे जे आपल्याकडे नाही, याचा विचार करून तिने तीन गणवेशांच्या बाह्या उलट्या लावल्या होत्या.

धाकटी ताटं पुसत होती.

"तांदूळ किती आणलास?" थोरलीने विचारलं.

"बिलावर आहे."

"बिलावर दोन किलो आहे. डब्यात पाच आहे."

धाकटीने हातातलं ताट पुसून ठेवलं, दुसरं घेतलं. "तुमचं तेल कुठून येतं, वहिनी? मी कधी विचारलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुम्ही एकवीसशे पन्नास आणलेत तेव्हापासून. मला बेरीज येते. तेवढ्यात बसतच नाही ते."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी? आईंशी? त्या म्हणाल्या असत्या, जळते." धाकटीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पगारातले घालते मी. यांनाही माहीत नाही. घरात येऊन सात महिने झालेत आणि माझ्या अंगावर एक नवा कपडा नाही."

"मग थांब ना."

"तुम्ही थांबा. मग मी थांबते."

"सुरुवात तू केलीस."

"माझं पहिलं बिल खरं होतं, वहिनी. दुसरंही खरं होतं. खोटं पहिलं तुमचं."

ते खरं होतं, हे थोरलीलाही कळत होतं. आणि ते खरं होतं म्हणूनच ती तिला क्षमा करू शकली नाही. "मी सांगणार आहे आईंना," ती म्हणाली.

"सांगा. तुमचं तुम्ही सांगा."

शनिवारी सगळे जेवायला बसले तेव्हा सासूबाईंनी तांबडं पाकीट थोरलीपुढे सरकवलं. थोरलीने ते घेतलं नाही.

"आई, अठराशेत बाजार होत नाही," ती म्हणाली. "कधीच होत नव्हता. मी माझ्या शिलाईचे घालत होते. पाच हजार गेले माझे."

नवरा जेवायचा थांबला. "पण का?"

"तुम्हीच म्हणालात, शिकलेली माणसं कशी करतात बघ. म्हटलं, बघू."

"मी कधी म्हणालो?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच आठवत नव्हतं.

सासूबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. थोरलीला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या नुसत्या धाकटीकडे वळल्या. "आणि तुझं गं?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. त्या क्षणी धाकटी एक शब्द बोलली असती, तर बहुधा थोरलीने तिला सगळं माफ केलं असतं. निदान नंतर तिला तसं वाटायचं. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं.

"माझं बसतं, आई," ती म्हणाली. "अठराशेत."

दिराची मान ताठ झाली. थोरलीच्या मुलीने आईची लाज वाटून खाली बघितलं. पाच किलोचा डबा थोरलीच्या ओठांवर आला होता. भिंतीपलीकडे तो फडताळात बसला होता. उठून आणायला चार पावलं लागली असती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि धाकटीला ती मूठ एवढी प्यारी असेल तर असू दे, असं तिला वाटलं. तिचा राग एकदम थंड झाला. थंड झाला, की राग कामाचा होतो.

"मग बरंच झालं," ती म्हणाली. "माझं बसत नाही, हिचं बसतं. यापुढे दर रविवारी बाजार हिनेच करावा. अठराशेत. मी पुन्हा त्यात हात घालणार नाही."

धाकटीचा घास हातातच राहिला. "दर रविवारी?"

"तुझं बसतं ना?"

"चालेल," सासूबाई लगेच म्हणाल्या आणि पाकीट धाकटीपुढे सरकवलं. "सतराशेत होतं का तेही बघ." त्यांना सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे त्या घरात कुणाला कधी समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा थोरली रविवारी घरात होती. दाराची कडी वाजली, पिशव्या घेऊन दुसरीच कुणी तरी गेली. थोरली मशीनपाशी बसली आणि तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. बाजार म्हणजे त्या घराची चावी, आणि ती आता तिच्याकडे नव्हती. स्वतःच्याच हाताने दिली होती.

गाळा मिळाला, पण निम्मा. एकोणीस हजारांत औषधवाल्याने जिन्याखालची मागची बाजू दिली आणि पुढची कव्हरवाल्याला. तो दिवसभर गाणी लावतो आणि त्याचं गिऱ्हाईक थोरलीच्या कापडावर हात ठेवून कव्हरं निवडतं. नऊ वर्षं पूर्ण गाळ्यासाठी जमवलं आणि उरलेला निम्मा साखरेत गेला, हे ती विसरत नाही. कव्हरवाल्याशी ती रोज भांडते. पण तिथे उजेड आहे, आणि पँट का फाटली असं कुणी विचारत नाही.

तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, धाकटी गाळ्यापाशी येऊन उभी राहिली. हातात रिकाम्या पिशव्या होत्या. कुडत्याची शिवण बगलेत उसवलेली थोरलीला लांबूनच दिसली.

"वहिनी, आईंनी सोळाशे केलेत."

"बरं."

"अर्धा पगार जातो माझा. यांना कळलं तर... तुम्ही बोला ना आईंशी. तुमचं ऐकतील त्या."

"काय बोलू?"

"की तेवढ्यात होत नाही."

थोरलीने दोरा दाताने तोडला. "ते मी बोललेय. सगळ्यांसमोर बोलले. तू शेजारीच बसली होतीस."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीला तिची कीव आली. आली नाही असं म्हणणं खोटं होईल. हात पुढे करून तिला कुडत्याची शिवण पाच मिनिटांत घालून देता आली असती. तिने हात पुढे केला नाही.

"आई घरीच आहेत आत्ता," ती म्हणाली. "एका वाक्याचं काम आहे. मला बोलता आलं, तुलाही येईल."

कव्हरवाल्याने धाकटीला गिऱ्हाईक समजून दोन कव्हरं दाखवली. मग तिने पिशव्या काखेत मारल्या आणि ती बाजाराच्या दिशेने चालायला लागली.