साडूभाऊंच्या काचा

देवाने हे जग जसं केलं आहे तसं ते बघण्यालायक नाही, त्याच्यापुढे कसली तरी काच धरल्याशिवाय त्यात काही राम नाही, अशी पक्की समजूत असलेला एकच माणूस हिंगोली जिल्ह्यात होता आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडूभाऊ हिंगोलीत एका सरकारी कचेरीत कारकून होते, पण कचेरी त्यांना दोन रविवारांच्या मध्ये येणारी अडचण वाटायची. रोलचे कॅमेरे होते तोवर आम्ही तसे सुखात होतो, कारण रोल संपायचा. पुढे साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा त्यांनी नांदेडहून आणला आणि आमच्यावरचं संकट बारमाही झालं.

त्या कॅमेऱ्याची गंमत अशी की चालू केला की तो गोगलगायीसारखं तोंड बाहेर काढी आणि बंद केला की आत घेई. त्याच्यावर फिल्टर बसवायला आटेच नव्हते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाहीत तर नाहीत. साडूभाऊ कॅमेरा घेऊन नळफिटिंगच्या दुकानात गेले आणि तिथला एकेक प्लास्टिकचा पाइप त्या तोंडावर लावून बघू लागले. दुकानदाराने बराच वेळ बघून शेवटी विचारलं, "साहेब, नळ कुठं बसवायचा हाय?" पाइपाचा तुकडा मिळाला, तो कॅमेऱ्याला चिकटवला गेला आणि त्याच्या पुढच्या टोकाला काय वाट्टेल ते लावायची सोय झाली. फोटोच्या चारी कोपऱ्यांत पाइपाची काळी सावली यायची ती आलीच. "त्याला किनार म्हणतात," ते सांगत, "लोक मुद्दाम पैशे देऊन करून घेतात."

मग काचांचा शोध सुरू झाला आणि घरातली एकही वस्तू सुरक्षित राहिली नाही. पाण्यावरची चमक मारायची म्हणून त्यांनी स्वतःच्या भारी गॉगलची एक काच काढली आणि उरलेला एकाक्ष गॉगल लावून ते खुशाल स्कूटरवर हिंडत. सिद्धेश्वरच्या धरणावर ती काच पाइपावर गोल गोल फिरवत ते तासन्‌तास उभे राहायचे. एका कोनात आली की पाण्यावरचं आभाळ नाहीसं होऊन तळाचे गोटे दिसायला लागायचे, हे मात्र खरं, मी डोळ्यांनी पाहिलंय. दाराला बाहेरचा माणूस दिसावा म्हणून बसवलेली ती बारकी भिंगाची नळी त्यांनी उपसून कॅमेऱ्याला लावली. तिच्यातून आम्ही सगळे कढईत बसल्यासारखे गोल दिसत असू. दाराला पडलेल्या भोकात अक्काने कापसाचा बोळा कोंबला. गल्लीतली पोरं तो बोळा काढून आत बघत आणि अक्का दिवसभर पोरांच्या नावाने आणि नवऱ्याच्या नावाने आळीपाळीने ओरडत असे.

सूर्याचा फोटो काढायला काळी फिल्म लागते हे कळल्यावर त्यांनी अक्काच्या छातीचा जुना एक्स-रे कापला. सूर्य छान आला, फक्त त्याच्या मधोमध अक्काची बरगडी होती. "आता काय माझी हाडंबी आभाळात टांगता का?" असं अक्काने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्याच्या बायकोचं न्हाई ना लावलं!" पण कहर झाला तो आमच्या मेहुण्याच्या लग्नात. वरचं आभाळ रंगवायला त्यांनी अर्ध्या काचेवर केशरी जिलेटिनचा कागद लावला होता आणि तो काढायचं राहून गेलं. लग्न मांडवात, आभाळ कुठलं येणार? सगळ्या अल्बमभर माणसं गळ्यापासून खाली साधी आणि वर केशरी. मेहुणा अजूनही तो अल्बम बघायला मागितला की विषय बदलतो.

अशा माणसाला चाहते असायचं काही कारण नव्हतं. पण होता, एक होता. हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या आमच्या सासूबाई! डोक्यावरचा पदर न ढळू देता त्या साडूभाऊंचा प्रत्येक फोटो हातात घेत, डोळ्यांजवळ नेत आणि जावयाशी थेट बोलायची रीत नसल्यामुळे अक्काला म्हणत, "सांग त्यांला, लई झ्याक आलाय." भिंगाचा असो, बरगडीचा असो, काचेवर व्हॅसलीन फासून काढलेला धुरकट असो, सासूबाईंना सगळे आवडायचे. आम्ही टिंगल करायचो आणि साडूभाऊ आमच्याकडे बघून म्हणायचे, "फोटो कळायला नजर लागते हो, नजर! घरात एकाच माणसाला हाय." नवा फोटो निघाला की जीप पकडून ते गोरेगावला जात. लेकीचं सासर जवळ असल्याने सासूबाईंना जेवढं समाधान होतं, त्याहून जास्त ते जावयाला होतं.

एका उन्हाळ्यात आम्ही सगळे गोरेगावात जमलो होतो. साडूभाऊंनी नेहमीप्रमाणे एक फोटो सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी निरखून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "सांग त्यांला, माणसं किती बराबर आली म्हणून." फोटो सिद्धेश्वरच्या पाण्याचा होता. त्यात माणूस औषधालाही नव्हता, आणि तो त्यांनी उलटा धरला होता. आम्ही सगळे खो खो हसलो. माझ्या बायकोच्या डोळ्यांत तर पाणी आलं हसून हसून. साडूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी फोटो हळूच काढून घेतला, सुलटा करून खिशात ठेवला आणि उठून परसात गेले.

मी मागोमाग गेलो तर हा गृहस्थ व्हॅसलीन फासलेली काच एका डोळ्यापुढे धरून, दुसरा डोळा मिटून, परसातून चालून राहिलेला! गोठ्याच्या दावणीला अडखळला, दोरीवरच्या लुगड्यात गुरफटला, आणि आडापाशी येऊन गपकन थांबला. "अहो ऐका," मला म्हणाले, "आडाचा काठ दिसंना मला. आई रोज इथून पाणी काढतात. असंच बघून राहिल्या असतील का हो त्या?"

सासूबाईंना मोतीबिंदू आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ऑपरेशन करा म्हणून मुलाने सांगून झालं, लेकींनी रडून झालं. सासूबाईंचं आपलं ठरलेलं: थंडीत जखम ठणकते, पावसाळ्यात चिघळते, उन्हाळ्यात डोळ्यांची आग होते. खरं म्हणजे बाई भ्यायल्या होत्या. मी साडूभाऊंना म्हटलं, "पण ऑपरेशन झालं तर तुमच्या फोटोंचं काय? त्यांना खरंच दिसायला लागेल ना!" ते काच पुसू लागले. मग म्हणाले, "ते काय मला कळंना व्हय? पण आड हाय ना तिथं."

तो धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयांची चंगळ. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघा जावयांना पाटावर बसवलं, पुढे पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, आणि शेजारी दिवा लावलेलं अनारशांचं वाण. मी धोंड्याला हात घालणार तेवढ्यात साडूभाऊ म्हणाले, "मला हे वाण नको."

घर गार पडलं. धोंड्याच्या महिन्यात जावई वाण नाकारतो म्हणजे सासूने तोंड कुठे लपवायचं? अक्का दातओठ खात पुटपुटली, "काहून असं करून राहिले तुमी? शोभतं का?" सासूबाई अक्कालाच म्हणाल्या, "विचार त्यांला, काय चुकलं? कापड पायजे का, अंगठी पायजे?"

"मला आईचे डोळे पायजेत," साडूभाऊ म्हणाले. "हिंगोलीला येऊन ऑपरेशन करून घेते म्हणा. तवर मी अनारशाला शिवणार न्हाई, आणि हे साडूबी न्हाई."

मला कुणी विचारलंच नव्हतं! धोंडे निवत होते, तूप थिजत होतं, पोटात कावळे कोकलत होते, पण ज्येष्ठ जावई अडून बसल्यावर धाकट्याने घास कसा घ्यायचा? मधूनच मेहुणा काहीतरी बोलायला गेला तर सासूबाईंनी हातानेच त्याला गप्प केलं. त्यांनी पदर सावरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अक्काला मध्ये न घेता, सरळ जावयाला म्हणाल्या, "जेवा, जावईबापू. करते मी." साडूभाऊंनी एवढे अनारसे खाल्ले की माझ्या वाट्याला चूर आला.

ऑपरेशन हिंगोलीत झालं. साडूभाऊंनी रजा काढली, वेळेवर डोळ्यांत थेंब टाकले आणि त्या दिवसांत कॅमेऱ्याला हात लावला नाही. चष्मा आल्यावर सासूबाईंनी पहिलं काय मागावं? साडूभाऊंच्या फोटोंचा अल्बम! अक्काने आणून दिला. आम्ही सगळे भोवती बसलो, आणि साडूभाऊ निकाल लागायच्या दिवशी पोरगं बसतं तसे कोपऱ्यात बसले. सासूबाई पान उलटत गेल्या. गोल माणसं आली, बरगडीवाला सूर्य आला, लेकाचं केशरी डोकं आलं. एकदाही 'झ्याक' आलं नाही. अक्काने तोंडाला पदर लावला, माझी बायको माझ्याकडे बघेना. सासूबाईंचा स्वतःचा एक धुरकट फोटो होता, तिथे त्या थांबल्या. बोट ठेवून म्हणाल्या, "हे बराबर हाय. असंच दिसत होतं मला समदं."

मग त्यांनी अल्बम मिटला, मान वर केली आणि कोपऱ्यात बसलेल्या जावयाकडे बघत राहिल्या. आमच्यापैकी कुणाकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"अगं बया! जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमचे केस कवा पांढरे झाले?"

सगळे हसले. रोज बघणारी माणसं आम्ही, पण खरं सांगतो, मीही तेव्हाच नीट पाहिलं. साडूभाऊही हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. डोक्यावरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, "तुमाला दिसत नव्हते आई, तवर मलाबी न्हाई दिसले."