सुधारणा हवी

रहिवासी केंद्राच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत, म्हणून वस्तीत तिला चावीताई म्हणत. नेमणुकीच्या कागदावर ‘केंद्र सहायक’ असं लिहिलं होतं, पण साहाय्य करावं असं केंद्रात दुसरं कोणी उरलंच नव्हतं. व्यवस्थापक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. शिपायाची बदली झाली, त्याच्याऐवजी नुसतं पत्र आलं. तेव्हा सकाळी वाचनालय उघडणं, मंगळवारी लसीकरणासाठी टेबलं लावणं, दाखल्यांचे अर्ज तपासणं आणि सभागृहातला कार्यक्रम आटोपला की खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावणं, हे सगळं तिच्याच गळ्यात पडलं. वय चोपन्न. दुपारी दोन वाजता कोणी ‘ताई, जरा’ म्हटलं की त्या ‘जरा’नेच तिचा जीव निम्मा होई.

यात भर म्हणजे गुडघ्यांचा वर्ग.

म्हाताऱ्या बायकांसाठी खुर्चीवर बसून करायचे व्यायाम, सोमवार ते शनिवार, सकाळी सातपासून पाऊण तास. आधी विभागाने नेमलेली एक बाई येत असे. ती दोन वर्षांपूर्वी लग्न करून परगावी गेली. “नवीन प्रशिक्षक मिळेपर्यंत तुम्ही सांभाळा,” असं विभागाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं. त्या बाईने भिंतीवर चिकटवलेला तक्ता बघून चावीताईने सांभाळायला घेतलं. ‘मिळेपर्यंत’ काही संपेना. दर तीन महिन्यांनी ती प्रशिक्षकासाठी अर्ज करी. अर्जाची पोच येई, प्रशिक्षक येत नसे. सातच्या वर्गासाठी तिला पाचला उठावं लागे, कारण घरातला स्वयंपाक उरकून, सासूबाईंना सोबत घेऊन निघायचं असे. सासूबाईही वर्गातल्याच. अकरा जणींत त्या सगळ्यांत थोरल्या, आणि सगळ्यांत तक्रारखोरही.

एका सोमवारी विभागाचं पत्र आलं. रहिवाशांच्या अभिप्रायात हा वर्ग सर्व केंद्रांतील सर्व उपक्रमांमध्ये शेवटच्या क्रमांकावर असल्याने पुढील महिन्यापासून बंद करण्यात येत आहे. खाली आकडे होते. उत्तम: शून्य. समाधानकारक: शून्य. सुधारणा हवी: अकरा.

चावीताईने पत्र दोनदा वाचलं. अकरापैकी अकरा. एकीलाही तिची दया आली नाही. टेलरीणबाईंना दुसऱ्या मजल्यावरून हात धरून उतरवायला ती स्वतः जाते. मास्तरीणबाईंना उन्हाचा त्रास नको म्हणून खिडकीपासून लांबची खुर्ची राखून ठेवते. आणि अकरा म्हणजे त्यात सासूबाईही आल्या.

घरी गेल्यावर तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं, “सासूबाई, माझं काय चुकतं वर्गात?”

“कुठे काय चुकतं? जरा भरभर मोजतेस, एवढंच.”

“मग फॉर्मवर ‘सुधारणा हवी’ का लिहिलंत?”

“का म्हणजे? नको का?” सासूबाईंनी पाय पुढे केला. “हा गुडघा बघ. सुधारणा हवी म्हणूनच येते ना मी? टेलरीणबाईने मोठ्याने वाचलं. वर लिहिलं होतं, गुडघे व सांधे. खाली, सुधारणा हवी. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, हवी तर! केल्या खुणा.”

चावीताईला आठवलं. फॉर्म भरले त्या दिवशी ती खाली लसीकरणाच्या खोलीचं अडकलेलं कुलूप उघडत होती. फॉर्म वाटून ती गेली आणि परत आली तेव्हा ते नीट गोळा करून ठेवलेले होते. न बघताच तिने ते पाकिटात घातले होते.

नवऱ्याने सगळं ऐकलं आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, “होऊ दे बंद. दोन वर्षांत तू एक दिवस सातपर्यंत झोपली नाहीस.”

हा विचार तिच्या मनात पत्र वाचतानाच येऊन गेला होता, आणि तो वाईट वाटला नव्हता. गप्प बसायचं, बस्स. चूक तिची नव्हती, खोटं काही सांगायचं नव्हतं, फक्त काही करायचं नव्हतं. सकाळचे दोन तास आपोआप तिच्या पदरात पडणार होते.

तेवढ्यात सासूबाई खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या आणि भिंतीला हात लावत न्हाणीघराकडे गेल्या. एकट्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना दर वेळी काखेत हात घालून उठवावं लागे, दिवसातून आठदा, आणि हात चावीताईचाच असे. टेलरीणबाई तर तेव्हा पाच महिने घराबाहेर पडल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना फोन लावून झालेला घोळ सांगितला. साहेब हसले नाहीत, त्यांनी सुस्कारा सोडला. “ताई, नोंद झाली आहे. पण शुक्रवारी बारापर्यंत नवे फॉर्म आणलेत तर बघतो.”

गुरुवारी वर्ग झाल्यावर तिने अकरा कोरे फॉर्म वाटले आणि समोर उभी राहिली. “हे तुमच्या गुडघ्यांबद्दल नाही. वर्गाबद्दल आहे. वर्ग आवडतो ना? मग ‘उत्तम’वर खूण करा.”

कोणाचं पेन हललं नाही.

“माझा चष्मा त्या दिवशी घरी राहिला, नाहीतर हा घोळ झालाच नसता,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “पण ‘उत्तम’ मी देणार नाही. छत्तीस वर्षं शिकवलं, पैकीच्या पैकी कुणाला दिले नाहीत. पोरं शेफारतात.”

“मी पोर आहे का?”

“माझ्यापुढे आहेसच.”

टेलरीणबाईंची अडचण वेगळी होती. “दवाखान्यात शेक घ्यायला जायचे ना मी, तिथे त्या पोरीने विचारलं, आजी, बरं वाटतं का? मी आपलं चांगुलपणाने म्हटलं, छान वाटतं हो. झालं! दुसऱ्या दिवशी कागद हातात. तुम्ही बऱ्या झालात, आता येऊ नका. ‘उत्तम’ लिहिलं की हेही म्हणतील, सगळ्यांचं उत्तम आहे, वर्ग कशाला हवा?”

“खरंच की,” चौघीपाचजणी एकदम म्हणाल्या. सासूबाईंनी तर पेनाला टोपण घातलं.

अकरा खुणा चावीताईने स्वतः केल्या असत्या तर दोन मिनिटांत काम संपलं असतं. कोण तपासणार होतं? पण अकराही जणी तिच्याकडेच टक लावून बघत होत्या, आणि त्यांना डावलून खुणा करायला तिचा हात धजला नसता. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

“बरं. मधला रकाना बघा. समाधानकारक.”

“म्हणजे पास?” मास्तरीणबाई.

“पास.”

“पास द्यायला माझी हरकत नाही.”

“म्हणजे थोडं बरं आहे आणि थोडं दुखतंय, असंच ना?” टेलरीणबाई.

“असंच.”

“मग तेच खरं आहे. करा गं बायांनो.”

सासूबाईंनी टोपण काढलं. खूण करताना म्हणाल्या, “भरभर मोजते, हे कुठे लिहू?”

शुक्रवारी साडेअकराला चावीताई विभागात पोचली. साहेबांनी फॉर्म मोजले, संगणकात आकडे घातले आणि खुर्चीत मागे टेकले. “झालं. वर्ग चालू राहील.”

“आणि प्रशिक्षकाचं, साहेब? माझा अर्ज...”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तेही दमलेले दिसत होते. त्यांच्या टेबलावर सात केंद्रांच्या फायली होत्या आणि मदतीला कोणी नव्हतं. “ताई, आता कसं सांगू? सुधारणा हवी असती तर मी वर लिहू शकलो असतो की प्रशिक्षक नाही म्हणून असं होतंय. पण प्रशिक्षकाशिवाय समाधानकारक चाललंय, असं रहिवासीच म्हणतायत. वरचे म्हणतील, मग हवा कशाला?”

“म्हणजे मीच.”

“तुम्हीच. आणि खरं सांगू? चांगलं सांभाळलंत.”

तिने पोचपावती घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली. बाहेर येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर थोडा वेळ बसली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. एका बाईने विचारलं, “बरं वाटत नाही का?” तिने मान हलवली. मग केंद्रात साडेबाराला दाखल्याचे लोक येणार हे आठवून उठली.

शनिवारी सात वाजता अकराही जणी आपापल्या खुर्चीत होत्या.

“काय झालं गं?” टेलरीणबाईंनी विचारलं.

“चालू राहिला.”

“आणि नवीन बाई?”

“नवीन कोणी नाही. मीच.”

“बरं झालं,” टेलरीणबाई म्हणाल्या. “नवीन आली असती तर तिला आमची दुखणी सांगण्यातच वर्ष गेलं असतं.”

सगळ्या हसल्या. चावीताईला हसू आलं नाही, पण रागही आला नाही. तिने तक्त्याकडे पाठ केली. तक्ता बघायची गरज केव्हाच संपली होती.

“उजवा पाय सरळ समोर. धरून ठेवा. एक, दोन, तीन...”

“हळू,” सासूबाई म्हणाल्या.

तिने श्वास घेतला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि प्रत्येक आकड्यामागे दोन सेकंद थांबत मोजू लागली. आज शनिवार होता. उद्या सुट्टी. सोमवारी पुन्हा पाच वाजता.

“चार,” ती म्हणाली.