बांगड्याचे पावणेदोन तास

कॅनर, म्हणजे भरलेल्या बरण्या वाफेच्या दाबाखाली शिजवून टिकाऊ करायचा तो भलामोठा कुकर, मीच निवडला, त्यामुळे तक्रार करायची तर कोणाकडे, हाही प्रश्नच होता. पावसाळ्यात मासेमारी बंद. सासूबाई मालवणच्या, सुक्या बोंबलांवर त्यांचं भागत नाही. म्हणून ताज्या बांगड्याच्या बरण्या भरून ठेवायच्या, हे खूळ माझंच. दाब दाखवणाऱ्या काट्याचा कॅनर घ्यावा तर तो काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो, आणि घाटकोपरात ते करून देणार कोण? म्हणून झाकणावर वजन डुलणारा घेतला. तोही सगळ्यांत मोठा. हौस दांडगी.

पहिल्याच रविवारी तो गॅसवर चढवून मी आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर गॅस बंद. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात जन्म गेलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "गो, वीस शिट्ट्यो झाल्यो. आणि किती शिजवतलंस?" ते वजन पावणेदोन तास डुलत राहायला हवं, मध्ये दाब उतरला तर पुन्हा पहिल्यापासून, हे त्यांना काही केल्या पटेना. त्या बरण्या टिकणार नव्हत्या. दुपारी अख्ख्या मजल्याने बांगडे खाल्ले आणि वर प्रत्येकाने आपापल्या बरणीची मागणी नोंदवली.

तेव्हापासून गॅसजवळून हलायची माझी सोय राहिली नाही. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी ओट्यापाशी स्टूल. एका वेळच्या बरण्या निघेपर्यंत दुपार, दुसऱ्या लावल्या की दिवस संपला.

रविवार खरं तर बाबांचा. आई गेल्यापासून ते जोगेश्वरीला एकटे असतात. मी फोन करून नाही म्हणायचे, ते म्हणायचे, "जमेल तेव्हा ये गं, मी काय पळून जातोय?" मला त्या स्वयंपाकघरात गुदमरायला व्हायचं. ते धूड एकदाचं बिघडावं असं रोज मनात यायचं, आणि मीच त्याची रबरी रिंग धुऊन, पुसून ठेवायचे. झाकणाचं भोक उजेडाकडे धरून साफ आहे ना ते बघायचे.

मेमध्ये रिंगला चीर गेली. कडेने वाफ सुटायला लागली, दाब धरेना. सासूबाईच म्हणाल्या, "रवांदे आता. जा, बापाशीक भेटान ये."

गेले. बाबांनी भात, डाळ, बटाट्याची भाजी करून ठेवली होती. मी येणार हे कळवलंच नव्हतं, तरी भात दोघांपुरता होता.

"दर रविवारी दोघांचाच लावतो," ते म्हणाले. "उरला तर संध्याकाळी फोडणी देतो."

मी आणखी भात वाढून घेतला. आणि तरी डाव्या हाताने मी फोनवर रिंग कुठे मिळेल ते शोधत होते. अंधेरीत एक दुकान सापडलं, रविवारी दोनपर्यंतच उघडं. घरी कोणी मागितली नव्हती, कोणी आठवणही केली नव्हती.

"काही काम आहे का?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"मग नीघ. बंद होईल."

दीड वाजला होता. मी ताटावरून उठले, हात धुतले आणि निघाले.