वाढत्या अंगाचा पतंग

आमच्या जाफराबादच्या पेटीमामांनी शिवलेला कपडा कधी कुणाला अंगाबरोबर बसला नाही. चार बोटं सैल असायचाच. लेकराचा सदरा असो की सत्तरीच्या म्हाताऱ्याची बंडी, मामा म्हणत, "वाढत्या अंगाचं शिवलंय." म्हातारा कुरकुरे, "आरं, मी आता कुठं वाढून राह्यलो?" मामा म्हणत, "होळीला पोळ्या खासाल का न्हाई? मंग!"

ते शिंपी, मी शाळेत मास्तर. निजामी अमलातले दिवस. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मी जुनी इंग्रजी मासिकं वाचत बसे आणि मामा मशीन चालवता चालवता विचारत, "काय लिव्हलंय, गुरुजी?" एकदा ऑस्ट्रेलियातल्या एका गृहस्थाची हकिकत निघाली. विमानं उडण्याच्या कितीतरी आधी त्याने पेटीसारखे पतंग केले होते. चार लांब कामट्या, दोन्ही टोकांना कापडाचा पट्टा, मधे मोकळं. असे चार पतंग एका दोरीला लावून समुद्रकाठी तो स्वतः जमिनीवरून उचलला गेला.

मशीन थांबलं. "कापडानं माणूस उचलला?"

त्या गृहस्थाने आपल्या युक्तीवर हक्क सांगितला नाही, ज्याला हवी त्याला घेऊ दिली, हे वाचल्यावर तर मामा उठूनच उभे राहिले. "म्हंजे माप समद्यांना खुलं! हा माणूस शिंपीच असणार."

त्या दिवसापासून घरात कामट्या आणि कापडच दिसू लागलं. गावाने 'पेटीमामा' हे नाव तेव्हाच ठेवलं. शेवटी मामींनी बजावलं, "संक्रांतीच्या सांजेपर्यंत उडालं तर ठीक. न्हाई तर कामट्या चुलीत, कापडाचे अभ्रे, अन् ऑस्ट्रेलियाचं नाव या घरात बिलकुल काढायचं न्हाई." मामा हसले. मला मात्र बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, जल्मभर लोकांचे सदरे शिवले. माझ्या हातची एक तरी चीज वर जाऊ द्या."

संक्रांतीला नदीकाठच्या माळावर गाव लोटला. पुरुषभर उंचीची पेटी सोडली, फडफडली, आपटली. पुन्हा सोडली, पुन्हा आपटली. "मामा, आत मामी बसल्यात का?" कुणीतरी ओरडलं. ऊन उतरू लागलं. मी जवळ जाऊन पट्टा चिमटीत धरला. चार बोटं कापड हातात आलं.

"मामा, हे काय?"

मामांनी मान खाली घातली. "सवयीनं शिवलं गेलं, गुरुजी."

"अहो, पतंग काय वयात येऊन राह्यलाय?" मामी कडाडल्या. पण कमरेच्या पिशवीतून सुईदोरा त्यांनीच काढला. दोघं माळावरच मांडी घालून बसली. मामी उसवीत गेल्या, मामा घट्ट टाके घालीत गेले. सूर्य टेकला तेव्हा कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं होतं.

या वेळी पेटी वर गेली ती जातच राहिली. मामींनी दोरी मागून घेतली. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि त्यांच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"धरा! धरा मला!"

"अगं, दोरी सोड की!"

"सोडते कशाला? जल्दी या, दोघं जाऊ!"

पुढे त्या पतंगाचं कागदी माप मामांच्या दारात खिळ्याला टांगलेलं असे. कुणीही यावं, उतरवून घ्यावं.

मामा गेले ते बऱ्याच वर्षांनी, एका थंडीत. माझ्या लग्नात त्यांनी शिवलेला कोट घालून मी मामींना भेटायला गेलो. लग्नात त्यात आम्ही नवरा-नवरी दोघं मावलो असतो, इतका तो सैल होता. मामींनी उठून माझा खांदा सारखा केला, बटणाशी कापड चिमटीत धरून पाहिलं. चिमटीत काही आलं नाही.

"बराबर बसला, गुरुजी," त्या म्हणाल्या.