प्रोग्रामच्या पोटातली जानी

चहा पाजलात म्हणून सांगतो, नाहीतर मला काय हौस नाय. जव्हारच्या आमच्या ऑफिसात मी झाडू मारतो. तिथं असले किस्से केरासारखे जमतात. रोज झाडा, रोज तेवढेच.

*

आमच्या कविता मॅडमनं पाड्यांसाठी एक डबा केला. मोबाईल त्याच्या वायफायला जोडा, नेट नसलं तरी माहितीची पानं उघडतात. खोडाळ्याच्या सरपंचानं विचारलं, "फोटो, आवाज ठेवलेत कुठं?"

"सगळं प्रोग्रामच्या पोटात. एकच फाईल."

मी म्हटलं, "अजीर्ण होत नाय का तिला?" मॅडम हसली. सरपंच नाय हसला. त्याचाही फोटो पोटातच होता!

*

भातशेतीच्या पानावर दाभोशाच्या एका गड्याचा फोटो. त्यानं मिशी काढली नि थेट ऑफिसात आला. "फोटोतली पण काढा."

मॅडम म्हणाली, "दादा, एक फोटो बदलायचा तरी सगळा प्रोग्राम नव्यानं बांधावा लागतो. मग डब्याडब्यात जाऊन टाकायचा."

"ऱ्हाऊ द्या. मिशीच वाढवतो!"

*

नागलीचं बियाणं राखेत कसं ठेवायचं, ते माझ्या बायकोच्या, जानीच्या आवाजात घेतलं. सांगता सांगता मधेच माझ्यावर ओरडली, "अवो, कोंबडी हाकला ना!" मॅडमनं तेही ठेवलं. मग काय, मी दिसलो की पाड्यापाड्यावर एकच, "बाबा, हाकलली का कोंबडी?"

पुढं जानी गेली. तिचा दुसरा आवाज कुठंच नाय. जेवणाच्या सुट्टीत मी भाकरी घेऊन ऑफिसातल्या डब्यापाशी बसायचो. रोज ओरडा खायचो.

*

मॅडम नोकरीला पुण्याला गेली. तिच्या जागी दिनेश, लय शिकलेला. आल्या आल्या त्यानं कॉम्प्युटरवरचे जुने फोटो, आवाज पुसले. मी भडकलो. त्यानं डबा लावून दाखवला. जानी बोलली.

"बघा बाबा, सगळं पोटात आहे. उगाच ओरडता."

खरंच होतं. मी झाडू उचलला.

मग त्यानं लसीकरणाचं नवं पान घातलं, प्रोग्राम नव्यानं बांधला, डब्यांत टाकला. जानी गप.

"बाबा, बांधताना कॉम्प्युटरवर जे असेल तेवढंच पोटात जातं."

"मग पुसलंस कशाला, गाढवा?"

"तेव्हा वाजत होतं ना!"

*

पुण्याला फोन लावला. मॅडम म्हणाली, "एखाद्या डब्यात जुना प्रोग्राम राहिला असेल तर आवाज काढून देते, बाबा. फक्त त्यावर नवा टाकू देऊ नका."

सूर्यमाळचा एकच राहिला होता. "सूर्यमाळचा डबा आणायला जातो," एवढंच ऑफिसात बोललो नि निघालो. जीपनं खालीच उतरवलं. चढ चढून पाड्यावर पोचलो, तर झाडाखाली मोटारसायकल. ओट्यावर दिनेश, हातात पाण्याचा तांब्या.

"बाबा, या वयात डबा उचलून कशाला न्यायचा? तुमच्यासाठी मीच पुढं आलो. टाकला नवा!"

पाणी मी घेतलं नाय. तसाच उतरलो.

माफी अजून यायचीय. नाव ध्यानात ठेवा, दिनेश महाले.