सासूबाईंचा जोगवा

माझ्या सासरची कुलदेवी आणि माझ्या नवऱ्याची मिशनची नोकरी यांची गाठ कुणी घातली ते देवालाच ठाऊक. कुठल्या देवाला, ते मात्र मला विचारू नका. मिशनच्या पुण्यातल्या मोठ्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं, मुळशीतल्या एका गावात दवाखाना आणि शाळा काढायचं ठरवलं आणि आम्हा नवराबायकोला तिकडं धाडलं. बैलगाडीतून सामान उतरवताना यांनी समोरच्या डोंगराकडं पाहिलं आणि हातातली ट्रंक तशीच धरून उभे राहिले. निम्म्या डोंगरावर काळ्या कातळात कोरलेलं एक जुनं लेणं होतं, आणि त्या लेण्यात यांच्या घराण्याची देवी होती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते तिथं आले होते. गावाचं नाव विसरले होते, डोंगर विसरले नव्हते.

गावाला याची फार मजा वाटली. "देवीनं लेकराला वढून आनलं बगा," असं म्हणत बायका माझ्याकडं सूचक बघायच्या. मी म्हणायची, "ओढून आणलं असेल, पण पगार मिशन देतं." तेव्हाही माझी जीभ अशीच होती.

हे अठराव्या वर्षी ख्रिस्ती झाले. मी जन्माची ख्रिस्ती, नगरकडची, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली. माझ्या आजोबांची मूळ जात कुठली हे यांच्या घरी कुणी कधी विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. आमच्या लग्नाला यांच्या घरचं कुणी आलं नाही. पुढं बारा वर्षं दिवाळीला तेवढं एक पत्र यायचं, थोरल्या दिरांच्या हातचं. सर्व खुशाल, बैल घेतला, पाऊस बरा. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नसे. मी ते पत्र दोनदा वाचायची आणि काही फरक पडत नाही असं म्हणून चुलीवरच्या फळीवर ठेवून द्यायची.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी चैत्रात पत्र आलं. दिवाळी नसताना आलं म्हणून आधी दोघंही घाबरलो. आत लिहिलं होतं की आईचे गुडघे गेले आहेत, पुढच्या वर्षी चढवेल असं वाटत नाही, एकदा देवीला जाऊन यायचं म्हणते. मी तिला घेऊन मंगळवार धरून तीन दिवस येतो. कुठं उतरणार ते लिहिलं नव्हतं.

"आपल्याकडंच उतरतील की," हे म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "पत्रानं विचारू या का?"

"विचारायचं काय त्यात? विचारलं की त्यांना नाही म्हणावं लागेल. मग ते नाही मी कुठं ठेवू?"

खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट हवी होती, आणि तीच मागायची छाती नव्हती. त्या बाईनं एकदा माझ्या हातची भाकरी खावी, एवढंच. मागून नकार मिळण्यापेक्षा मागायलाच नको, असा मी हिशोब केला आणि त्याला पाहुण्यांची सोय असं नाव दिलं.

सोय मात्र अशी केली की नाव ठेवायला जागा नाही. लेण्यात देवीच्या गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान खोल्या होत्या, कातळातच कोरलेले ओटे होते. गाव म्हणे पांडवांनी एका रात्रीत कोरलं; हे म्हणत, बुद्धाचे भिक्षू पावसाळ्यात तिथं राहायचे. ज्यानं कोरलं त्यानं उशाशी जरा उंचवटा ठेवला होता, हे मला फार आवडलं. मी दोन खोल्या झाडून घेतल्या, ओट्यांवर गवत पसरून त्यावर घोंगड्या घातल्या. पौडच्या बाजारातून नवा तवा, नवी पातेली आणली. देवीच्या गुरवाची बायको स्वयंपाक करणार, टाक्यातलं पाणी गुरव काढणार, असं ठरवलं. पीठ, तांदूळ, डाळ सगळं वाण्याकडून परस्पर वर पोचवलं, आमच्या घराचा उंबरासुद्धा त्याला लागू दिला नाही. गुरवीण म्हणालीसुद्धा, "बाई, येवढं कोन करतं वो सोताच्या सासूला?" मला ते कौतुक वाटलं. आता वाटतं, ती वेगळंच काहीतरी विचारत होती.

रविवारी दुपारी ते आले. एसटीनं पौडपर्यंत आणि पुढं गाडीनं. सासूबाई मी मनात धरल्या होत्या त्याच्या निम्म्या होत्या. काठीसारखी बाई, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. मुलाला बघून रडल्याबिडल्या नाहीत. यांच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "वाळलाईस." मग माझ्याकडं बघितलं, पायापासून वरपर्यंत, गाय पारखावी तसं. मी नमस्कार केला. गाडी आमच्या दारावरूनच डोंगराकडं जायची. दाराशी आल्यावर त्यांनी गाडीवानाला थांबायची खूण केली, तर मी लगबगीनं म्हणाले, "इथं नाही, वर सगळी सोय केलीय तुमची. गुरवीणबाई स्वयंपाकाला आहेत."

"गुरवीन?" त्या म्हणाल्या.

"हो. सगळं नवं आहे. काळजी करू नका."

"बरं," म्हणाल्या आणि गाडी पुढं गेली. पायथ्यापासून वर त्यांना हे आणि थोरले दीर दोघांनी मिळून डोलीसारखं धरून नेलं. बारा वर्षं न बोललेले दोन भाऊ त्या चढणीवर फक्त "जरा डावीकडं", "आता दम घे" एवढंच बोलले, पण बोलले.

संध्याकाळी मी त्यांचे गुडघे बघायला गेले. ते माझं काम होतं, तिथं मला कुणाची भीती नव्हती. सुजले होते. मी शेक दिला, मलम चोळलं, पट्टी बांधली. दुखण्याची गोळी काढली आणि गुरवाला पाणी आणायला सांगणार, तोच त्या म्हणाल्या, "तुज्याच तांब्यातलं दे. औषदाला इटाळ नसतो." मी माझ्या तांब्यातलं पाणी दिलं आणि त्या ते घटाघट प्यायल्या. घरी येऊन मी यांना सांगितलं. ते खूश झाले. मी म्हटलं, "औषधाचं पाणी ते. ते मी धरत नाही." माणसाला आनंद होऊ द्यायचा नाही, ही माझी जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना त्यांनी विचारलं, "तुजी चूल कुटं हाय?"

"खाली, घरी."

"लई लांब हाय?"

"लांबच आहे," मी म्हटलं. लेण्यातून आमचं कौलारू घर दिसत होतं, धूरसुद्धा दिसत होता. त्या जरा वेळ तिकडं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बांद जरा घट्ट."

त्या संध्याकाळी हे शाळा उरकून वर गेले आणि लेण्याच्या ओसरीत आईजवळ बसले. गाभाऱ्यात गेले नाहीत, आणि त्या जा म्हणाल्या नाहीत. तिघं बैलांबद्दल, भाऊबंदांबद्दल, कोण मेलं त्याबद्दल बोलत होते. मी जरा खाली पायरीवर बसले होते. कुणी मला तिथं बसवलं नव्हतं. मीच जागा निवडली होती आणि मनातल्या मनात त्यांच्यावर रुसले होते.

मंगळवार उजाडला, देवीचा वार. सकाळी दवाखान्यात गर्दी असायची म्हणून मी स्वयंपाकघरात स्टोव्हवर सुया उकळत ठेवल्या होत्या. स्टोव्ह भरभरत होता. तेवढ्यात बाहेरून सूर लावलेली हाक आली, "आईचा जोगवा वाढाऽ."

मंगळवारी-शुक्रवारी गावात जोगवा मागणाऱ्या बायका यायच्या. हातात परडी घ्यायची, देवीच्या नावानं पाच घरी मूठ मूठ पीठ मागायचं, ते रांधून देवीला दाखवायचं. मोठ्या घरच्या बायकाही नवस म्हणून मागतात, आणि मागताना आपण कोण ते सांगत नाहीत. मिशनच्या घरातून देवाच्या नावानं काही द्यायचं नाही, पण भुकेल्याला परत पाठवायचं नाही, असा आमचा दोघांचा नेम होता. त्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं. वर्षानुवर्षं म्हणून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की बाहेर कोण आहे हे बघायचीही गरज पडत नसे. सुयांवरची नजर न काढता मी आतूनच ओरडले, "देवीच्या नावानं इथं मिळत नाही बाई. भूक असेल तर बस, भाकरी देते!"

उत्तर आलं नाही. मी सुया उपसल्या, स्टोव्ह बंद केला, आणि विसरून गेले.

दुपारी दवाखाना आवरत असताना गुरवीण दारात येऊन उभी राहिली. आत येईना. "काय झालं? गुडघा वाढला का?" मी विचारलं.

"न्हाई वो बाई. म्हाताऱ्या हितं आल्या व्हत्या न्हवं सकाळी? तांबडं फुटायच्या आत एकल्याच निघाल्या काठी टेकत. म्या म्हनलं, वरच्या वाडीत पाच घरं हायती, तितं मागा. तर म्हनाल्या, पयलं घर लेकाचं पायजे." ती पदराशी चाळा करत थांबली. "मागं फिरल्या तवा परडी मोकळीच व्हती. मंग वाडीतच मागितला. पाच घरं झाली. पर तुमचं त्यात न्हाई."

मी खाटेवर बसले. सुजलेल्या गुडघ्यांनी ती बाई डोंगर उतरून माझ्या दाराशी आली होती, बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून काही मागायला, आणि मी तिला आतून हाकललं होतं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं." समजूत घालायला म्हणाले, पण मला इतका राग आला की हातातलं फडकं फेकून दिलं. मग फळीवरचा पिठाचा डबा उचलला आणि तशीच चालू लागले. हे मागून येत होते. अर्ध्या तासाची चढण मी कशी चढले आठवत नाही; रडत होते, एवढं आठवतं.

सासूबाई पाण्याच्या टाक्याजवळ सावलीत बसल्या होत्या, पाय लांब करून. परडी शेजारी होती. थोरले दीर कातळाला टेकून तंबाखू मळत होते. मी डबा त्यांच्यापुढं ठेवला. "मी ओळखलं नाही हो. मला माहीत असतं तर... घ्या हे. परडीत घ्या." मिशनच्या बाईनं जोगवा वाढायचा की नाही, याचा मी विचारही केला नव्हता. मागं उभ्या असलेल्या नवऱ्यालाही विचारलं नव्हतं.

त्यांनी परडीवर हात आडवा धरला. "आता न्हाई. पाच झाली. देवीचं देवीला पोचलं." मग म्हणाल्या, "अन तू तुजं मोडू नगंस. घरात एकानं मोडलं तेवढं बास झालं." हे म्हणताना मुलाकडं असं बघितलं की त्याही स्थितीत यांना हसू आलं.

मी डब्याचं झाकण पुन्हा लावायला लागले. "मग हे परत नेते."

"न्हेतीस कशाला? आतनं काय वराडलीस तू? भूक आसंल तर बस, म्हनलीस न्हवं?"

मी मान हलवली.

"देवीच्या नावानं फिरताना बसता येत न्हाई. म्हनून गेले." त्यांनी पाय आखडून घेतले आणि नीट मांडी घालता येईना म्हणून एक गुडघा उभा धरला. "आता बसलेय. भूक लागलीय. थाप."

गुरविणीची चूल मी विटाळणार नव्हते, म्हणून यांनी टाक्याच्या कडेला तीन धोंडे मांडले. गुरवीण तवा घेऊन आली, म्हणाली, "घ्या वो, तुमचाच हाय." थोरले दीर उठले आणि बैल बघायला म्हणून खाली गेले. बैल गाडीवानाजवळ होते. दिरांनी मरेपर्यंत माझ्या हातचं काही खाल्लं नाही, आणि मीही त्यांना कधी आग्रह केला नाही.

रडणाऱ्या पोराच्या हातात पहिल्या झटक्यात शीर सापडायची मला, पण त्या दिवशी पहिली भाकरी थापताना फाटली. दुसरी कशीबशी तव्यावर पडली. विस्तव वाऱ्यानं एका बाजूला पळत होता. सासूबाई बघत होत्या. भाकरी उतरवून मी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, मोडली, गुरविणीनं दिलेल्या मिरचीच्या ठेच्याला लावली आणि खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

"कडंला कच्ची हाय," म्हणाल्या, आणि दुसरीसाठी हात पुढं केला.