डाग काढणारी मीनाबाई

डाग काढावेत ते मीनाबाईनं. सोलापूरच्या विमानतळामागच्या वस्तीत त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मागावर टॉवेलला तेल लागलं की कारखान्यातून गठ्ठे तिच्याकडं येत. रॉकेलात बोळा भिजवून दोनदा घासला की डाग गायब! रॉकेल मिळेनासं झालं तशा बाकीच्या बायका हात चोळत बसल्या. हिच्यावर मात्र नवऱ्याची कृपा. हरिदास विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेत झाडलोट करी. उड्डाणाआधी टाकीतलं थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना, ते बघतात. मग ते फेकायचं. हरिदास ते गुपचूप डब्यात भरून घरी आणी. निळंशार पेट्रोल, फुकटचं!

चार वर्षांची नात आरोही टॉवेलांच्या ढिगात, नाहीतर आजीच्या मांडीवर. हल्ली तिचं पोट सारखं दुखे, पाठ असलेली गाणी ती विसरे. शेवटी रक्त तपासलं.

"हिच्या रक्तात शिसं आहे. बरंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घराजवळ काय आहे?"

"विमानं," सून शुभदा म्हणाली. "दिवसभर डोक्यावर."

"मुडदा बशिवला त्यांचा!" मीनाबाई कडाडली. "लेकरावर इख सोडत्यात!"

"छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं खरं. धुरातून खालीही येतं. पण एवढं धुरानं होईल असं वाटत नाही. ते पेट्रोल घरात येतं का? निळं असतं."

मीनाबाईला घरातला डबा आठवला. हो म्हणावं तर हरिदासची नोकरी जाणार. शुभदानं आरोहीला आपल्याकडं ओढून घेतलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"येतंय की," मीनाबाई म्हणाली. "म्याच वापरते. अन् ही माज्या मांडीवर असती. पोरगी बरी हुईल न्हवं?"

"आधी ते बंद करा, मग औषधाचं बघू. आणि आजी, तुमच्या हातांवर, लुगड्यावरही तेच आहे. अंघोळ करून कपडे बदलेपर्यंत हिला जवळ घेऊ नका."

बाहेर आल्यावर आरोही आईच्या कडेवरून उतरली आणि सवयीनं हात पसरून आजीकडं धावली.

"शिवू नगं मला!" मीनाबाई किंचाळून मागं सरली.

हे शब्द मीनाबाईच्या आईनं गावच्या विहिरीवर जन्मभर ऐकले होते. आपल्या घरात ते कधी येऊ द्यायचे नाहीत, असं मीनाबाईनं ठरवलं होतं. आरोही हात पसरून तशीच उभी राहिली.